पंचेचाळीस कुठून आले? एका वजाबाकीतून शिकवण्या-शिकण्याची पायाभूत तत्त्वं

फळ्यावर गणित होतं त्रेसष्ट वजा अठ्ठावीस. तिसरीचा वर्ग. हातच्याची वजाबाकी शिकवायला घेतल्याचा तिसरा दिवस. "समजलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "हो बाऽऽई" म्हणत होता. वह्या गोळा केल्या, तर नऊ जणांचं उत्तर ४५. बरोबर उत्तर ३५.

त्या नऊ जणांना पुढे बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तीनातून आठ जात नाहीत, मग शेजारच्या दशकाकडे जायचं. पाच जण लक्ष देऊन ऐकत होते. चौघं खिडकीबाहेर बघत होते. मला राग आला. त्यांतल्या एकीला म्हटलं, "सांग बरं, कसं केलंस?" ती म्हणाली, "तीनाचे तेरा केले. तेरातून आठ गेले, पाच. सहातून दोन गेले, चार." हातचा तिला येत होता. दशकातला एक कमी करायचा तेवढा राहिला होता. शेजारच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आठातून तीन गेले पाच, सहातून दोन गेले चार." त्याला हातच्याचा पत्ताच नव्हता. वर-खाली काहीही असो, मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्याचं गणित.

दोघांचंही उत्तर ४५. चुका दोन, रोग वेगळे आणि मी औषध एकच देत होते.

चांगल्या शिकवण्याबद्दल मला जे काही सांगायचं आहे, ते या पंचेचाळिसातून निघतं. म्हणून हा लेख याच वजाबाकीच्या अंगाने लिहिते आहे. तुम्ही व्याकरण शिकवत असाल, शिवणकाम शिकवत असाल किंवा घरी भाच्याचा अभ्यास घेत असाल, तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पहिली पायरी: शिकवण्याआधी विचारा, आणि प्रश्न निवडून विचारा

टाचण काढताना आपण "आज काय शिकवायचं" इथून सुरुवात करतो. त्याआधी दहा मिनिटं "यांच्या डोक्यात आत्ता काय आहे" यासाठी ठेवा. पाच गणितं पुरतात, मात्र ती कशीही उचललेली नकोत. माझं ६३ − २८ हे गणितच मुळात वाईट निवडलेलं होतं. खालचा एकक वरच्यापेक्षा बरोबर पाचाने मोठा असला की वर सांगितलेल्या दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. एकाचा आकडा बदलून ६२ − २८ केलं असतं, तर चुका आपोआप वेगळ्या झाल्या असत्या. बरोबर उत्तर ३४. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं ४६. दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ४४. वही उघडली की कोणाला काय हवंय ते दिसतं.

मी आता हा संच वापरते:

४७ − २३ : हातच्याची गरज नाही. हे चुकलं तर अडचण हातच्याच्याही आधीची आहे. शिकवून झाल्यावर हेच पुन्हा द्या. काही मुलं नव्या उत्साहात इथेही हातचा घेतात आणि ११४ लिहितात.
६२ − २८ : वर सांगितलं तेच.
५० − १७ : शून्याची परीक्षा. ४० आलं तर "शून्यातून काही जात नाही म्हणून शून्य". ४७ आलं तर मोठ्यातून लहान. ४३ आलं तर दशक कमी केला नाही.
८१ − ७९ : १८ आणि १२ या चुका इथे ठळक दिसतात. शिवाय एखादं मूल काहीही न मांडता बोटांवर "ऐंशी, एक्याऐंशी" मोजून दोन म्हणतं. त्याला संख्येची जाण आहे, असं खुशाल समजा.
३०४ − १५८ : हे फक्त पुढे असलेल्या मुलांसाठी.

१९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाक्यांमधल्या अशाच चुकांचा अभ्यास केला. त्यातून निघालेली गोष्ट साधी होती. मूल बहुतेकदा अंदाधुंद चुकत नाही. त्याने मनाशी एक नियम धरलेला असतो आणि तो नियम ते अगदी इमानाने पाळतं. नियम चुकीचा असतो, इतकंच. मुलांना 'ढ' म्हणण्याची सवय मला या एका गोष्टीने सोडायला लावली. (पूर्ण सुटली असं म्हणत नाही.)

दुसरी पायरी: "का चुकलं?" ऐवजी "कसं केलंस?"

"का चुकलं?" याला मुलाकडे उत्तर नसतं. ते मान खाली घालतं. "कसं केलंस, मला दाखव" म्हटलं की बोलतं. हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर बाई 'कसं' विचारतात म्हणजे चुकलं, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

बरोबर उत्तरामागचं ऐकण्यात कधी कधी मजाही येते. एका मुलाने मला सांगितलं, "साठातून वीस गेले चाळीस. तीनच आहेत आणि द्यायचे आठ, म्हणजे पाच कमी पडले. चाळिसातून पाच दिले." ही रीत मी शिकवलेली नव्हती, आणि माझ्यापेक्षा त्याचीच सुटसुटीत होती.

दुकानात जाणाऱ्या मुलांची आणखी एक रीत असते. अठ्ठावीसचं सामान, दिले त्रेसष्ट. दुकानदार वर मोजत जातो. अठ्ठावीस आणि दोन तीस, तीस आणि तीस साठ, वर तीन. झाले पस्तीस. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक समोर असताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तर जेमतेम ३७ टक्के. अभ्यासातली मुलं पाचच होती, पण आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसणारी मुलं आपल्याही वर्गात असतात. त्यांची वही पाहून त्यांचं गणित ठरवू नका.

इथे मराठीची एक खास अडचण सांगायला हवी. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि सहा आधी लिहितो. त्यामुळे ऐकून लिहिताना ३६ लिहिणारं मूल कित्येकदा वजाबाकीत चुकलेलं नसतं, ते श्रुतलेखनात चुकलेलं असतं. 'एकोणसत्तर' तर वरताण, त्यात ऐकू येतो सत्तर आणि लिहायचे असतात एकोणसत्तर. कन्नड, तेलुगू आणि इंग्रजीत एकवीसपासून पुढे दशक आधी बोलतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर तीन' असं वाचन आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. मला विचाराल तर सुरुवातीला दोन्ही बोलावं. "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन." भाषा बुडत नाही आणि मुलाच्या कानावर दशक आधी पडतो. तपासणीची गणितं मात्र तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा.

तिसरी पायरी: हातात, मग चित्रात, मग आकड्यात

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला हा क्रम आपल्याकडे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जातो, आणि वर्गात आल्यावर पहिली पायरी पाच मिनिटांत गुंडाळली जाते. या पायरीवर रेंगाळा. माझा अनुभव असा की इथे गेलेले चार दिवस पुढे महिनाभर वाचवतात.

साहित्य: तुरकाट्यांचे किंवा खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे आणि रबर. शाळेत गणित पेटी असेल तर उत्तम, पण दशकाचे तयार दांडे पहिल्या दिवशी देऊ नका. मुलाने स्वतः दहा मोजून गठ्ठा बांधला पाहिजे. दहा सुटे आणि एक गठ्ठा हे एकच आहे, हे त्याच्या बोटांना कळलं तरच पुढचं डोक्यात शिरतं.

कृती अशी. जोडीने बसवा. "बासष्ट काड्या मांडा." सहा गठ्ठे, दोन सुट्या. "आता मला अठ्ठावीस द्या." मुलं दोन गठ्ठे उचलून देतात. मग आठ सुट्या मागितल्या की थबकतात. इथे आपण गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, जीभ शिवशिवते. कुणीतरी विचारतंच, "बाई, गठ्ठा सोडू का?" ज्या वर्गात हा प्रश्न मुलांकडून आला, तिथे हातचा वेगळा शिकवावा लागत नाही.

म्हणूनच मी 'उसना' हा शब्द सोडून दिला. उसनं घेतलेलं परत करायचं असतं. एका मुलीने मला विचारलं होतं, "मग परत कधी द्यायचा?" प्रश्न चोख होता. वजाबाकीत कुणी कुणाला उसनं देत नाही, आपलाच गठ्ठा आपण सोडतो. 'गठ्ठा सोडला' म्हटलं की सहाचे पाच का झाले हे वेगळं सांगावं लागत नाही, समोर पाचच गठ्ठे उरलेले असतात. दशक कमी करायला विसरणाऱ्या माझ्या चौघांना हा एक शब्द पुरला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काड्यांऐवजी चित्र: गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्यासाठी टिंब. एक रेघ खोडायची, दहा टिंबं काढायची. त्याच्या शेजारीच उभी मांडणी. काडी हलली की लगेच वहीतला आकडा बदलायचा, सहा खोडून पाच, दोनाचे बारा. आधी काड्यांचा आठवडा आणि मग आकड्यांचा आठवडा असं केलं तर मुलं ते दोन वेगळे विषय समजतात. काड्या कधी काढून घ्यायच्या? मूल त्यांच्याकडे न बघता उत्तर सांगू लागलं की. ते स्वतःच बाजूला सारतं.

चौथी पायरी: डोक्यावरचं ओझं मोजा

नवी गोष्ट शिकताना माणूस एका वेळी मनात फार थोडं धरून ठेवू शकतो. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा साधारण चारच्या आसपास धरला. आता ६२ − २८ सोडवणाऱ्या मुलाकडे बघा. गठ्ठा सोडायचा, सहाचे पाच लक्षात ठेवायचे, बारातून आठ किती ते काढायचं, आकडा बरोबर घरात लिहायचा. बारातून आठ बोटांवर मोजण्यातच त्याची सगळी शक्ती गेली, तर सहाचे पाच झाले होते हे त्याला कुठून आठवणार?

म्हणून हातच्याआधी आणि हातच्यासोबत, वीसच्या आतल्या वजाबाक्या तोंडी आल्या पाहिजेत. रोज पाच मिनिटं. पाठ करून घेण्यापेक्षा दहावरून उडी मारायला शिकवा. आठाला दहा व्हायला दोन, दहाच्या पुढे दोन, म्हणजे चार. पाढ्यांचंही असंच. पाढे पाठ असणं म्हणजे घोकंपट्टी असं हल्ली म्हटलं जातं, पण भागाकाराच्या वेळी ज्याला सातचा पाढा येतो त्याचंच डोकं भागाकाराकडे मोकळं राहतं.

याच ओझ्याचा विचार जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडला. त्यातून वर्गासाठी निघालेली सर्वांत कामाची युक्ती म्हणजे सोडवलेली उदाहरणं. फळ्यावर एक गणित पूर्ण सोडवा, मनातलं सगळं मोठ्याने बोलत. लगेच तसंच एक मुलांना द्या. मग पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी रिकामी ठेवा, त्यापुढच्यात शेवटच्या दोन. अशी एकेक पायरी मुलांच्या हाती जाते. एक उदाहरण दाखवून लगेच वीस गणितांचा स्वाध्याय दिला, तर चुकीचा नियम धरलेलं मूल तो वीस वेळा गिरवतं.

आणि मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असताना बोलू नका. ती ऐकत नसतात.

पाचवी पायरी: सगळ्यांना उत्तर द्यायला लावा

हात वर करणारी मुलं ठरलेली असतात. त्यांची उत्तरं ऐकून पाठ पुढे नेला, तर आपण वर्गाला नाही, तीन मुलांना शिकवतो. उपाय जुनाच आहे, पाटी. प्रश्न विचारा, सगळे लिहितील, आणि "पाटी वर!" म्हटलं की एकदम वर. पाच सेकंदांत वर्गाची तपासणी होते. पाट्या नसतील तर फळ्यावर तीन उत्तरं लिहा आणि छातीजवळ बोटांनी एक, दोन, तीन दाखवायला सांगा. छातीजवळ यासाठी की शेजाऱ्याचं बघून बोट बदलत नाही. फळ्यावरची तीन उत्तरं ३४, ४४ आणि ४६ अशीच हवीत. उगाच १०० वगैरे लिहून उपयोग नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकावं लागतं. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मनात "एक काडी, दोन काड्या, तीन काड्या" म्हणा. वर्गातले तीन सेकंद फार मोठे वाटतात.

सहावी पायरी: वही तपासताना काम मुलाला द्या

लाल शाईने चूक-बरोबर करून आपण थकतो, आणि मूल फक्त 'दहापैकी किती' बघून वही मिटतं. इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास इथे आठवण्यासारखा आहे. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांची प्रगती झाली. ज्यांना गुण मिळाले त्यांची झाली नाही. आणि गुण व शेरा दोन्ही दिलं, तर निकाल नुसत्या गुणांसारखाच. गुण दिसले की शेरा कोण वाचतो!

सोपी पद्धत: पाच गणितांखाली "यातली दोन चुकली आहेत, शोध" एवढंच लिहा. शोधायचं कसं, तेही शिकवा. उत्तरात खालची संख्या मिळवली की वरची परत आली पाहिजे. ४४ अधिक २८ बहात्तर येतात, बासष्ट नाही. मूल स्वतः दचकतं. चाचणीचे गुण नोंदवहीत लिहायचे ते लिहाच, रोजच्या वहीत मात्र आकडा नको.

सातवी पायरी: विसरू द्या, मग आठवायला लावा

मुलं विसरतात याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याची सोय करा. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू पुसलं जातं. थोडं पुसल्यावर पुन्हा आठवण्याची खटपट केली की ते अधिक टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. पाच मिनिटांनी विचारलं, तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना 'हे येतंय' असं वाटतं, तिथेच फसगत होते. दहावी-बारावीच्या मुलांनी पुस्तक रंगीत पेनांनी भरण्याऐवजी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, हे मी घरोघरी सांगते. कुणी ऐकत नाही, रंगीत पेनं छान दिसतात.

वर्गात याचं रूप म्हणजे परिपाठानंतरचे चार प्रश्न. एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला, एक आज लागणारा. वजाबाकीचा घटक संपला तरी वजाबाकी संपत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ती परत आली पाहिजे.

बेरीज आणि वजाबाकी मिसळूनही द्या. फक्त वजाबाकीचाच स्वाध्याय असेल तर मूल विचार न करता वजा करतं. शाब्दिक उदाहरणांत तर "उरले म्हणजे वजा, जास्त म्हणजे अधिक" अशा खुणा शिकवूच नका. "ताईकडे ६२ बोरं आहेत. ती दादापेक्षा २८ ने जास्त आहेत. दादाकडे किती?" इथे 'जास्त' आहे आणि करायची वजाबाकी आहे. आधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, चित्र काढायला लावा, चिन्ह शेवटी.

एकाच वर्गात चार पातळ्या असतील तर

असतातच. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' हे सर्वेक्षण करते. त्याच्या गणिताच्या चाचणीत हातच्याची दोन अंकी वजाबाकी हा एक टप्पाच आहे, आणि वरच्या वर्गांतली पुष्कळ मुलंही तिथे अडलेली आढळतात. द्विशिक्षकी शाळेत तर दोन-तीन इयत्ता शेजारी बसलेल्या. दिवसभर वेगवेगळं शिकवणं एका माणसाला झेपणारं नाही, म्हणून रोजचा एक तास ठरवा. त्या तासाला इयत्ता विसरून पातळीनुसार गट करा. एक गट काड्यांवर, एक चित्रांवर, एक नुसत्या आकड्यांवर. तुम्ही बसायचं काड्यांच्या गटाशी. गट दर पंधरा दिवसांनी पाच गणितांचा संच देऊन बदला. नाहीतर 'काड्यावाले' अशी जात तयार होते आणि ती पुसायला वर्ष जातं.

हुशार मुलाला शेजाऱ्याला शिकवायला सांगत असाल तर एक अट घाला: पेन्सिल शेजाऱ्याच्याच हातात राहील.

मुलांची 'बघून शिकणारी' आणि 'ऐकून शिकणारी' अशी विभागणी मात्र करू नका. तशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नसल्याचं २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. काड्या सगळ्यांनाच लागतात.

उद्याचा तास

३०४ − १५८. पाटीवर २५४ दिसलं तर ओळखीचा नियम, मोठ्यातून लहान. पण हातचा नीट येणारी मुलंही इथे अडतील. चार सुट्यांतून आठ द्यायचे आहेत, गठ्ठा सोडायला जावं तर दशकाच्या घरात एकही गठ्ठा नाही. त्यासाठी दहा गठ्ठ्यांची मोठी मोळी लागते, सुतळीने बांधलेली. आज मधल्या सुट्टीत मुलांना तीन मोळ्या बांधायला सांगितल्या आहेत. काड्या कमी पडल्या, म्हणून दोघं खराटा शोधायला गेले आहेत.